आपण कोणाच्या बाजूला होतो?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. सहामाही परीक्षा संपली होती. मुलांचे चित्त अभ्यासात नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही नव्हते. अशा वेळी मी नकाशाचा तास घेतो. भिंतीवर आशियाचा मोठा नकाशा टांगायचा, हातात पट्टी घ्यायची आणि मुलांना म्हणायचे, “विचारा काय विचारायचं ते.” मुले विचारतात, मी सांगतो, जे येत नाही ते ‘उद्या सांगतो’ म्हणून पुढे ढकलतो. शाळामास्तराच्या संसारातला हा फार सोयीचा शब्द आहे.

त्या दिवशी सातवीतली एक मुलगी उठून नकाशापाशी आली. इंडोनेशियाच्या बेटांची माळ जिथे संपत येते, तिथे ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर एक लांबट बेट आहे. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “गुरुजी, बोर्निओ मोठं आहे, त्याचे तुकडे झाले ते समजलं. पण एवढ्याशा बेटाला दोन रंग कशाला?”

मी सांगितले की या बेटाचे नाव तिमोर. त्याचा पश्चिमेकडचा भाग इंडोनेशियाचा आणि पूर्वेकडचा भाग म्हणजे तिमोर-लेस्ते हा स्वतंत्र देश. मलाय भाषेत ‘तिमूर’ म्हणजे पूर्व आणि पोर्तुगीज भाषेत ‘लेस्ते’ म्हणजेही पूर्वच. तेव्हा या देशाचे नाव झाले ‘पूर्व-पूर्व’. मुले हसली. मग मी सांगितले की तिथे आधी पोर्तुगिजांचे राज्य होते, ते जाताच शेजारच्या देशाचे सैन्य शिरले, चोवीस वर्षे ठाण मांडून बसले, आणि अखेर २००२ साली हा देश स्वतंत्र झाला. वर्ग गप्प झाला. ती मुलगी मात्र अजून उभीच होती.

“मग तेव्हा आपण कोणाच्या बाजूला होतो, गुरुजी?”

“उद्या सांगतो,” मी म्हणालो.

तो ‘उद्या’ उजाडायला मला दिवाळीची सगळी सुट्टी लागली. आपण नेहमी दुबळ्याच्या बाजूला असतो, असे उत्तर माझ्या ओठांवर तयार होते. तेच आम्ही लहानपणी शिकलो आणि तेच मी वीस वर्षे शिकवत आलो आहे. पण मुलीच्या डोळ्यांकडे बघून ते बाहेर पडेना. मी फार शिकलेला नाही. तरी जे शोधावे लागते ते शोधता येते, एवढे मास्तरकीने शिकवले आहे. मी शोधले, आणि सापडले ते सुखाचे नव्हते.

तिमोर आम्हा कोकणातल्या माणसांना वाटते तितके परके नाही. एके काळी त्या बेटाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे. तेच पोर्तुगीज, तीच भाषा, तीच चर्चे. १९७४च्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही कोसळली आणि पोर्तुगालने वसाहतींचा गाशा गुंडाळायला घेतला. तिमोरमध्ये पक्ष निघाले, ते आपसांत भांडले. १९७५च्या ऑगस्टमध्ये तिथे यादवी झाली, भावाने भावाला मारले. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांपैकी फ्रेतिलिन या पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केले. ते स्वातंत्र्य नऊ दिवस टिकले. ७ डिसेंबरला पहाटे इंडोनेशियाचे सैनिक राजधानी दिलीमध्ये उतरले. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर हे जाकार्तामध्ये सुहार्तो यांच्याशी बोलून गेले होते. हल्ल्याची गोष्ट त्या बैठकीत निघाली होती, आणि पाहुण्यांनी नको म्हटले नव्हते. हे आता अमेरिकेच्याच खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून जगाला ठाऊक आहे.

सात लाखांच्या आतबाहेर वस्तीचा तो मुलूख. पुढच्या चोवीस वर्षांत तिथे काय झाले याचा हिशेब स्वतंत्र तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने २००५ साली मांडला. मारले गेलेले, आणि त्याहून कितीतरी जास्त म्हणजे उपासमारीने व रोगाने गेलेले, असे मिळून किमान १,०२,८०० जीव. त्या अहवालाचे नाव आहे ‘शेगा!’. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ ‘पुरे!’. मला त्या अहवालाविषयी आदर वाटतो तो आणखी एका कारणाने. त्यात यादवीच्या काळात स्वतःच्या माणसांनी केलेल्या हत्याही लिहून ठेवल्या आहेत. तिमोरची माणसे काही देवमाणसे नव्हती. पण सद्‍वर्तनाचा दाखला आणल्यावरच स्वातंत्र्य द्यायचे, असे ठरवले तर आपल्यापैकी कोणत्या देशाला ते मिळाले असते?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. १२ डिसेंबर १९७५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला : इंडोनेशियाने सैन्य मागे घ्यावे, तिमोरच्या लोकांना आपले भवितव्य ठरवू द्यावे. ठरावाच्या बाजूने ७२ मते पडली, ४३ देश तटस्थ राहिले, विरुद्ध १०. त्या दहांत भारत होता.

मी तो आकडा वाचला आणि बराच वेळ ओटीवर बसून राहिलो.

तेव्हा देशात आणीबाणी होती, आपल्याच तोंडावर हात होता, कुणाला हे कळलेसुद्धा नसेल, अशी मी माझी समजूत घातली. मग दुसरी बाजूही समजून घ्यायचा प्रयत्न केला. इंडोनेशिया आपला जुना मित्र. पोर्तुगिजांची वसाहत शेजारच्या मोठ्या देशात विलीन झाली, तर त्यात गैर ते काय? गोव्यात १९६१ साली आपण तरी काय केले? असा गोव्याचा दाखला त्या वेळी खरोखरच दिला जात होता. आणि इथे माझा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकातून उठून सरळ माझ्या घरात आला.

कारण माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, १५ ऑगस्ट १९५५च्या गोवा सत्याग्रहात होते. बांद्याहून पत्रादेवीकडे निघालेल्या निःशस्त्र माणसांवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. सरहद्दीवरच्या निरनिराळ्या नाक्यांवर मिळून वीसाहून अधिक माणसे त्या दिवशी गेली. त्यांत कर्नैलसिंग नावाचा पंजाबचा तरुण होता. त्याचे गोव्यात ना शेत, ना सोयरीक. आबा त्या पावसात जखमींना उचलून आणणाऱ्यांत होते. पुढे आयुष्यभर, कुणी ‘परक्याच्या भानगडीत पडू नये’ असे म्हणाले, की ते फक्त एवढेच विचारीत, “कर्नैलसिंग कोणाचो कोण होतो रे?”

पण आबांची खरी परीक्षा पुढे झाली. गोवा मुक्त झाला तेव्हा आमच्या भागातल्या बहुतेकांना वाटे की आता गोवा महाराष्ट्रात येणार. देव आपले, भजने आपली, लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडच्या आणलेल्या. आबा तर हट्टाने तसे म्हणत. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या लोकांना विचारण्यात आले : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे? मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधी पायउतार झाले होते, आणि बांदोडकर स्वतः तर विलीनीकरणाचे पुढारी! निकाल लागला. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोव्याने ‘वेगळे राहू’ म्हणून सांगितले. आजी सांगायची की आबा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी कुणीतरी ओटीवर येऊन म्हणाले, “ज्यांच्यासाठी तुम्ही गोळ्यांसमोर गेलात, त्यांनी हे पांग फेडले बघा.” आबा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याच माणसाच्या घरी चालत गेले आणि म्हणाले, “आमी तेंका सोडवूक गेलंव, घेवक न्हय.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याचे वजन मला आत्ता कळले.

गोवा आणि तिमोर यांतला फरक याच वाक्यात आहे. मी कबूल करतो की १९६१ साली सैन्य आत जाण्यापूर्वी गोव्यात कुणी मतपेटी फिरवली नव्हती, आणि गोव्यातल्या काही माणसांच्या मनात ती खंत आजही आहे. पण दोन वर्षांत तिथे निवडणूक झाली, सहाव्या वर्षी जनमत घेतले गेले, आणि जे उत्तर आले ते शेजारच्या बलाढ्य महाराष्ट्राला रुचणारे नसूनही मानले गेले. १९८७ साली गोवा स्वतंत्र राज्य झाले. तिमोरमध्ये १९७६ साली सैन्याच्या पहाऱ्यात निवडक माणसांची एक सभा भरवून तिच्याकडून ‘आम्हाला विलीन करून घ्या’ असे म्हणवून घेतले गेले, आणि १७ जुलैला तो प्रदेश इंडोनेशियाचा सत्ताविसावा प्रांत झाल्याचे जाहीर झाले. विचारणे आणि वदवून घेणे यांत जे अंतर आहे, तेच मुक्ती आणि कब्जा यांत आहे. गोव्याचा दाखला देणाऱ्यांना हे अंतर दिसत नव्हते, असे मला वाटत नाही.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी हा विषय काढला तेव्हा एक सहकारी हसून म्हणाले, “मास्तर, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! आपल्या गावच्या पाण्याचा पत्ता नाही आणि तुम्ही तिमोर घेऊन बसलात.” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. लांबच्या माणसावरचे प्रेम स्वस्त असते. त्याला उसने पीठ द्यावे लागत नाही. शेजाऱ्याशी बांधावरून भांडणारा माणूस जगाच्या दुःखाने गहिवरलेला मी पाहिला आहे. म्हणून लांबच्याची बाजू घेणाऱ्याला मी एकच कसोटी लावतो : त्या पायी तुझे काय गेले?

या कसोटीला उतरलेली माणसे तिमोरच्या कथेत आहेत, आणि त्यांतली बहुतेक सत्तेच्या जवळपासही नव्हती. १९८२ पर्यंत आमसभेतला पाठिंबा इतका ओसरला होता की तिमोरचा ठराव ५० विरुद्ध ४६ असा कसाबसा तरला. पुढे तो मताला टाकायचेच बंद झाले. जग विसरले होते. मग १२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलीतल्या सांताक्रूझ दफनभूमीत जमलेल्या तरुणांवर सैन्याने गोळीबार केला. दोनशेंहून अधिक मेले. मॅक्स स्टाल नावाचा एक इंग्रज पत्रकार कॅमेरा घेऊन तिथे होता. त्याने आपली चित्रफीत एका ताज्या कबरीत पुरून ठेवली, पकडला गेला, सुटल्यावर रात्री येऊन ती उकरून काढली. ती बाहेर पोचली आणि जगाला नाही म्हणायची सोय उरली नाही.

२९ जानेवारी १९९६ रोजी इंग्लंडमध्ये तीन बायका हातोड्या घेऊन वॉर्टन येथील विमानांच्या कारखान्यात शिरल्या आणि इंडोनेशियाला जायच्या बेतात असलेले एक हॉक लढाऊ विमान त्यांनी ठोकून निकामी केले. मग पळून न जाता पोलिसांची वाट बघत बसल्या. चौथीला नंतर अटक झाली. सहा महिने त्या तुरुंगात होत्या. खटल्यात त्यांनी विमान फोडल्याचे नाकारले नाही. या विमानाने होणारा मोठा गुन्हा आम्ही थांबवला, एवढेच सांगितले. लिव्हरपूलच्या ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. मुलांना ‘शाळेच्या काचा फोडू नका’ म्हणून सांगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट पचवायला जड जाते. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू फोडणे बरोबर की चूक, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. पण एक दिसते. त्यांनी बोट दाखवले ते लांबच्या सुहार्तोकडे नव्हे, आपल्याच गावात बनणाऱ्या विमानाकडे. आपल्या घरातून त्या जुलमाला काय पुरवले जाते, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला.

त्याहून कठीण काम काही इंडोनेशियन तरुणांनी केले. स्वतःच्या देशाचे सैन्य, स्वतःच्या देशाचा झेंडा, आणि तरी ‘तिमोरचे तिमोरला द्या’ असे जाकार्ताच्या रस्त्यावर म्हणणे! त्यांना देशद्रोही म्हटले गेले. खरे तर ते आपल्या देशाच्या घटनेचीच आठवण देत होते. स्वातंत्र्य हा सर्व राष्ट्रांचा हक्क आहे, असे १९४५च्या इंडोनेशियन घटनेच्या प्रारंभीच लिहिले आहे. आणि त्या साली त्यांच्यासाठीही परके लोक उभे राहिलेच होते. डच जहाजे इंडोनेशियाकडे निघाली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या गोदी कामगारांनी ती भरायचे नाकारले. सिडनीच्या बंदरात हिंदी खलाशीही त्या बहिष्कारात उतरले. १९४९च्या जानेवारीत नेहरूंनी इंडोनेशियासाठी दिल्लीला परिषद बोलावली. ज्याला काल जगाने हात दिला त्यानेच आज दुसऱ्याचा गळा धरला, आणि हात देणाऱ्यांतले आपण त्याच्यामागे उभे राहिलो. मैत्रीचा हा सर्वांत मोठा धोका आहे. मित्र दुःखात असताना त्याच्या बाजूने उभे राहणे सोपे असते. तो दुःख देऊ लागतो तेव्हा त्याचा हात धरणे हीच खरी मैत्री, आणि ती सहसा कुणाला साधत नाही.

सुहार्तो गेले, हबीबी आले, आणि ३० ऑगस्ट १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तिमोरच्या माणसांना विचारण्यात आले. उत्तर स्वातंत्र्याचे दिलेत तर घरे जाळू, अशा धमक्या आधीपासून होत्या. तरी शेकडा ९८हून अधिक मतदार आले. शेकडा ७८.५ लोकांनी स्वातंत्र्य मागितले. मी त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होतो. आबा रेडिओला कान लावून बसले होते. त्यांनी तो बंद केला आणि स्वतःशीच म्हणाले, “अखेरीक तेंका इचारल्यानी!” ते कशाबद्दल बोलत आहेत, हे मी विचारलेसुद्धा नाही. मला क्रिकेटचा स्कोअर हवा होता.

धमक्या खऱ्या ठरल्या. सैन्याच्या आश्रयाखालच्या टोळ्यांनी गावेच्या गावे जाळली, हजाराहून अधिक माणसे मारली, लाखोंना हुसकावले. दिलीमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आवाराला लागून लोक जमले होते; घाबरलेल्या आयांनी काटेरी तारांवरून आपली मुले पलीकडे दिली. वरून हुकूम आला की परदेशी कर्मचाऱ्यांनी निघून यावे. तेव्हा आतल्या कितीतरी कर्मचाऱ्यांनी आणि पत्रकारांनी सांगितले की या लोकांना टाकून आम्ही जाणार नाही. अखेर त्या निर्वासितांनाही विमानाने डार्विनला नेण्यात आले. मोठमोठ्या राजधान्यांना चोवीस वर्षांत जे जमले नाही, ते त्या आवारातल्या कारकुनांना, दुभाष्यांना आणि पोलिसांना काही रात्रींत जमले.

२० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली शांतिसेना उतरली. चांगलेच झाले. पण याच ऑस्ट्रेलियाने १९७९ साली इंडोनेशियाचा कब्जा कायदेशीर मानला होता आणि १९८९ साली तिमोरच्या समुद्रातल्या तेलाचा वाटा ठरवणारा करार इंडोनेशियाशी केला होता. स्वातंत्र्यानंतरही सागरी हद्दीचा न्याय्य करार व्हायला २०१८ साल उजाडले. मदत करणाऱ्या हाताचेही दुसऱ्याच्या खिशाकडे लक्ष असू शकते. म्हणून मला वाटते, ‘तुझे काय गेले?’ या प्रश्नापाशी थांबून चालणार नाही. आबांचा प्रश्नही हवा : त्यांना विचारलेस का? आणि त्यांनी दिलेले उत्तर तुझ्या आवडीचे नसेल, तर ते मानशील का? जो हे मानणार नाही तो सोडवायला गेला नव्हता, घ्यायला गेला होता.

सुट्टी संपली. शाळा भरली. मी नकाशा पुन्हा टांगला आणि त्या मुलीला उभी केली. “तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. तेव्हा आपण त्यांच्या बाजूला नव्हतो.” दुसरे काही जोडायचे नाही, असे मी घरूनच ठरवून आलो होतो. वर्गात चुळबुळ झाली. एका मुलाला राग आला. गुरुजी आपल्या देशाविषयी असे बोलतात हे त्याला रुचले नाही. त्याचा राग मला आवडला. ज्याला देशाच्या चुकीची लाज वाटू शकते त्याचाच देश तो खरा.

मुलगी थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिली. “मग ते लोक आता आपल्यावर रागावले आहेत का?”

मी म्हणालो, “तसं वाटत नाही. ज्यांनी त्यांची घरं जाळली त्या इंडोनेशियाशीही त्यांनी समेट केला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेनं त्यांना अकरावा सभासद म्हणून घेतलं. इंडोनेशिया तिथं आधीपासूनच आहे.”

“म्हणजे त्यांनी माफ केलं.”

“हो. माफ करणं त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी केलं. लक्षात ठेवणं आपल्या हातात आहे.”

ती जागेवर जाऊन बसली. मग तिने वही उघडली आणि मी न सांगता काहीतरी लिहून घेतले. काय लिहिले ते मी विचारले नाही. तास संपायला अजून दहा मिनिटे होती. मी मुलांना म्हणालो, “विचारा, आणखी काय विचारायचं ते.” त्या दिवशी पहिल्यांदाच ‘उद्या सांगतो’ म्हणायची मला भीती वाटली.